काल्पनिक युद्धांतील शस्त्रबळ आणि कौशल्य

पुराणकथा, कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांत रंगविलेल्या लढाईचा निकाल श्रेष्ठ शस्त्राने लागतो की ते चालविणाऱ्याच्या कसबाने, हा कथात्म वाङ्मयाच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. कथाकारांचा कल बहुधा कौशल्याकडे असतो. त्यासाठी प्रसंगी इतिहासातील तोफाही एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे हलविल्या जातात. मराठवाड्यातील दोन स्थळांशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे परशुरामाच्या कथेमुळे आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर हे १७६० च्या लढाईमुळे व तिच्या पडद्यावरील रूपामुळे.

पुराणकथांतील मांडणी

माहूर हे रेणुकामातेचे स्थान. तिचा पुत्र परशुराम व हैहय राजा कार्तवीर्य सहस्रार्जुन यांच्या वैराची कथा या क्षेत्राच्या परंपरेशी जोडलेली आहे. जमदग्नीचे अंत्यसंस्कार माहूर येथेच झाले, अशी श्रद्धा आहे. भागवतपुराणानुसार सहस्रार्जुनाने हजार हातांनी एकाच वेळी पाचशे धनुष्यांना बाण लावले. परशुरामाने ते सर्व एकाच धनुष्याने छेदले. शस्त्रांची संख्या आणि धनुर्धराचा हात यांची इतकी उघड तुलना अन्यत्र क्वचितच आढळते.

परशुरामाचाच शिष्य कर्ण याच्या कथेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कर्णाकडे इंद्राने दिलेली अमोघ शक्ती होती. ती अर्जुनावर पडली असती तर कौशल्याचा प्रश्नच उरला नसता. म्हणून कथेत ती एकदाच वापरता येण्याची अट आहे, आणि ती घटोत्कचावर खर्ची पडते. ब्रह्मास्त्राच्या बाबतीत गुरूचा शाप आड येतो: ऐन वेळी ते कर्णाला आठवणार नाही. अट, शाप, विस्मरण ही सारी श्रेष्ठ शस्त्र बाजूला काढण्याची साधने होत. त्यांशिवाय लढत एकतर्फी होऊन श्रोत्याची उत्कंठा संपते. अस्त्र मंत्राने सोडावयाचे असल्यामुळे ते मुळात विद्येचाच भाग ठरते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. हातात धरावयाचे शस्त्र आणि मंत्राने सोडावयाचे अस्त्र असा भेद करणाऱ्या परंपरेत साधन आणि कसब यांची फारकत पूर्णपणे होतच नाही.

उदगीरची लढाई

३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उदगीर परिसरात निजामाचा पराभव केला. निजामाकडे सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली होते. मराठ्यांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी याचे कवायती पायदळ व तोफखाना होता. इब्राहिमखान पूर्वी निजामाच्या सेवेत होता आणि फ्रेंच सेनानी बुसी याच्या पद्धतीत तयार झाला होता. मात्र या लढाईपूर्वीच तो पेशव्यांकडे आला होता. घोडदळाने शत्रूची वाट व रसद अडवावी आणि तोफांनी त्याची फळी फोडावी, असे या लढाईचे साधारण स्वरूप होते. तहात दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर व विजापूर यांसह सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला. गारद्यांच्या तोफा येथे निर्णायक ठरल्या हे खरे, पण त्या कवायतीत मुरलेल्या माणसांच्या हाती होत्या. असे गोलंदाज एका दिवसात तयार होत नसत.

चित्रपटातील उदगीर

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ (२०१९) या हिंदी चित्रपटाच्या आरंभी भाऊ उदगीरचा किल्ला जिंकतात, आणि निजामाच्या तोफखान्याचा प्रमुख असलेला इब्राहिमखान त्यानंतर मराठ्यांकडे येतो. म्हणजे इतिहासात विजेत्यांकडे असलेला तोफखाना चित्रपटात पराभूतांकडे जातो. या बदलाचा लाभ नायकाला मिळतो. समोर तोफा असताना मिळालेला विजय शौर्याचा व डावपेचांचा ठरतो. स्वतःकडे तोफा असत्या तर श्रेयाचा मोठा वाटा त्यांना द्यावा लागला असता. शिवाय इब्राहिमखानाचे येणे हे भाऊंच्या गुणग्राहकतेचे फळ म्हणून दाखविता येते. कथा म्हणून ही रचना सफाईदार आहे, परंतु विद्यार्थ्यांनी तिला इतिहास समजू नये.

त्याच तोफा, पानिपतावर

उदगीरनंतर वर्षभराच्या आतच, १४ जानेवारी १७६१ रोजी, हाच तोफखाना पानिपतावर उभा होता. गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. तथापि मराठ्यांच्या जड तोफा हलविणे अवघड होते. अब्दालीकडे उंटांवर लादलेल्या, हव्या तेथे नेता येणाऱ्या जंबूरक तोफा होत्या. त्यात छावणी दीर्घकाळ उपासमारीत होती, आणि तोफखान्याच्या संथ चालीशी घोडदळाच्या धावेचा मेळ बसला नाही. उपाशी सैन्यात ना शस्त्र पुरते ना कसब. हा तिसरा घटक शस्त्र की कौशल्य या वादात बहुधा वगळला जातो. विस्तृत पट असलेल्या कादंबरीत त्याला जागा मिळू शकते, आणि विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीत ती मिळाली आहे. इब्राहिमखान जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागला व त्याला ठार मारण्यात आले.