मूळ बरहुकूम नक्कल

गतवर्षी आषाढात एका जुन्या मुद्रणालयाच्या मालकांनी मला मुद्दाम बोलावून घेतले, तेव्हा त्यांच्या पोटमाळ्यावरचा विंडोज ९८ चा संगणक सुरू होताना, पत्र्यावर नख घासावे तसा, थांबून थांबून आवाज करीत होता. आणि त्याच्या ४.३ गिगाबाइटांच्या हार्डडिस्कमध्ये पुस्तके, पंचांगे, स्मरणिका, लग्नपत्रिका असे कित्येक वर्षांच्या अक्षरजुळणीचे सारे दप्तर कोंडलेले होते. "साहेब, फायली तेवढ्या पेनड्राइव्हवर घेतल्या म्हणजे झालं ना?" असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र तसे नाही.

१९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतावली मान्य झाली, तरी अक्षरजुळणीच्या व्यवहारात निरनिराळ्या फॉन्टांचे संकेत आपापलेच राहिले. अशा फायलीत 'मि' हे अक्षर आपण उच्चारतो त्या क्रमाने नसते. आधी वेलांटीचा तुकडा, मग 'म'चा, आणि तेही रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असतात. तो फॉन्ट, ती जुळणीची आज्ञावली आणि प्रिंटरच्या पोर्टाला लावलेला डोंगल (आज्ञावलीची कुलूपकिल्ली) यांतील एक जरी दुवा निखळला, तरी तुकोबांचा अभंगही निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. आज्ञावलीच्या मूळ फ्लॉप्या तर केव्हाच बुरशीने गेल्या होत्या. म्हणून फायलींची नव्हे, तर संपूर्ण डिस्कचीच, पहिल्या सेक्टरापासून शेवटच्या सेक्टरापर्यंत, मूळ बरहुकूम नक्कल करणे हाच एक मार्ग उरला. अशा नकलेला डिस्कची प्रतिमा म्हणतात.

पूर्वीचे कारकून जीर्ण कागद हाताळताना जी दक्षता घेत, तीच येथेही हवी. मूळ डिस्कवरून विंडोज पुन्हा सुरू करावयाचे नाही, कारण सुरू होतानाच ते डिस्कवर काही ना काही लिहीत असते. डिस्क काढून लिनक्सच्या संगणकास जोडावयाची आणि केवळ वाचावयाची. आम्ही त्यासाठी डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली वापरली. तिची रीत मला एखाद्या मुरलेल्या दप्तरदारासारखी वाटते: सहज वाचता येणारा भाग ती प्रथम उतरवून घेते, अडलेली जागा तूर्त सोडून पुढे जाते, कोठे काय राहिले त्याची नोंद एका नकाशात ठेवते, आणि मग त्या नोंदीप्रमाणे पुन्हा पुन्हा मागे येते. मरणोन्मुख डिस्क एका खराब जागी तासन्‌तास खरवडत ठेवली, तर चांगला भागही हातचा जातो. आमचे मूठभर सेक्टर अखेरपर्यंत वाचले गेले नाहीत. सुदैवाने त्यांत एकही पुस्तक नव्हते.

नक्कल झाल्यावर तिचा एसएचए-२५६ हा ६४ अंकाक्षरांचा ठसा काढून ठेवला. पुढे कोणत्याही प्रतीचा ठसा काढून त्याच्याशी ताडावा. एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. आपल्या जुन्या भाषेत यालाच रुजवात म्हणतात.

आता प्रश्न आकुंचनाचा. नवी डिस्क म्हणून हाताशी होते ते ४ गिगाबाइटांचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, जे साध्या अडॅप्टराने जुन्या आयडीई केबलीस लागते. म्हणजे मूळ डिस्कहून जागा थोडी कमी. जुन्या यंत्रांस मोठी डिस्क देऊन भागत नाही, कारण त्यांच्या बायोसची मोजणी तोकडी असते: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि ५१२ बाइट यांचा गुणाकार ५२ कोटी ८४ लाखांच्या आसपास संपतो, आणि आरंभीची पीसी यंत्रे तेथेच थबकत, पुढे ही सीमा ८.४ गिगाबाइटांपर्यंत गेली. आकुंचन दुसऱ्या प्रतीवर करावे, मूळ प्रतिमेवर कदापि नव्हे, आणि क्रम उलटू देऊ नये: प्रथम फाइलव्यवस्था आखडावी, मग पार्टिशनची हद्द आत घ्यावी, आणि मगच प्रतिमेची शेपटी छाटावी. आधी हद्द हलवली, तर पलीकडच्या शेतातले पीक गेलेच म्हणून समजावे. रिकाम्या जागेत शून्ये भरली की प्रतिमा दाबून फारच लहान होते. मात्र तेथे दडलेल्या, पुसलेल्या फायलींचे अवशेषही त्याबरोबर नष्ट होतात, म्हणून अनाकुंचित प्रत वेगळी जपावी.

इतके करूनही कार्ड पहिल्यांदा सुरू झाले नाही. काळ्या पडद्यावर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. कारण शोधण्यात एक दिवस गेला. पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरात, शून्यापासून मोजल्यास २६ व्या स्थानी, डिस्कचे हेड किती याची नोंद असते. मूळ डिस्कसाठी तेथे २५५ होते, आणि लहान कार्डाला बायोस १२८ हेड मोजत होता. तेवढा एक आकडा दुरुस्त करताच ढगांचे ते परिचित चित्र पडद्यावर उमटले. मालकांनी एक जुने पुस्तक उघडून पहिले पान छापून पाहिले आणि ते बराच वेळ हातात धरून ठेवले.

डोंगलची मात्र अशी नक्कल होत नाही. तो त्यांनी मखमली डबीत ठेवला आहे. ज्या मुद्रकांकडे, ग्रंथालयांकडे आणि संस्थांकडे असे यंत्र अद्याप चालू आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, आवाज सुरू होण्याची वाट न पाहता या दिवाळीच्या सुटीतच त्याच्या डिस्कची एक पूर्ण नक्कल करून, ठशासह, दोन वेगळ्या जागी ठेवावी.