दहा जणांनी मिळून काढलेला भुताचा सिनेमा: कमी भांडवलात टीम कशी उभी राहते आणि मालकी कुठे निसटते



"सर, भांडवल कमी आहे, माणसं ठेवणं परवडत नाही, मग सुरुवात कशी करू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्यावर एका भयपटाचं उदाहरण दिलं होतं. पण तिथे नावं आणि आकडे फार भराभर गेले, म्हणून इथे सगळं नीट मांडतोय. शेवटचा भाग अजिबात सोडू नका. खरं नुकसान तिथे झालंय.

सिनेमा कोणता?

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. वर्ष १९६८. मेलेली माणसं उठून जिवंत माणसांना खायला लागतात आणि सात जण शेतातल्या एका घरात अडकतात, एवढीच गोष्ट. हा सिनेमा हॉलिवूडचा नाही. हॉलिवूडपासून हजारो किलोमीटर लांब, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात तो तयार झाला. म्हणजे आपल्याकडे मुंबई सोडून एखाद्या कारखान्याच्या गावातल्या पोरांनी सिनेमा काढावा, तसं.

जॉर्ज रोमेरो, रसेल स्ट्राइनर आणि जॉन रूसो हे तिघं 'लेटन्ट इमेज' नावाच्या छोट्या कंपनीत टीव्हीच्या जाहिराती बनवायचे. म्हणजे कॅमेरा, लाइट, एडिटिंग हे रोजचंच काम. इथे पहिला मुद्दा लिहून घ्या: ज्या कामात हात बसलाय, त्याच्या शेजारचा धंदा त्यांनी निवडला.

पैसा कुठून आला?

दहा जण एकत्र आले. प्रत्येकाने ६०० डॉलर काढले, एकूण ६,००० डॉलर झाले. कंपनीचं नाव ठेवलं 'इमेज टेन'. एवढ्यात सिनेमा होणार नव्हता, पण सुरुवात तर झाली. पुढे आणखी लोकांना हिस्सा देऊन पैसे उभे केले आणि एकूण खर्च गेला सुमारे १,१४,००० डॉलरवर. तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या दराने धरलं तर साधारण साडेआठ लाख रुपये. सिनेमासाठी ही रक्कम तेव्हाही किरकोळच होती.

एक माणूस, तीन कामं

आता खरी मजा. पडद्यावरची माणसं आणि पडद्यामागची माणसं बरीचशी तीच आहेत. यादी बघा:

- जॉर्ज रोमेरो: दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि रूसोबरोबर पटकथा.
- रसेल स्ट्राइनर: निर्माता. सुरुवातीला कबरस्तानात मरणारा भाऊ जॉनी तोच. त्या सीनमधली गाडी त्याच्या आईची. शूटिंगच्या दरम्यान गाडीला पोचा पडला, तर गाडी झाडाला घासते असा सीनच लिहून टाकला!
- कार्ल हार्डमन: याची स्वतःची ध्वनिमुद्रित जाहिरातींची कंपनी. इथे तो सहनिर्माता, मेकअपवाला, साउंड इफेक्ट देणारा आणि घरातला भांडखोर बाप हॅरी कूपर.
- मॅरिलिन ईस्टमन: हार्डमनची धंद्यातली भागीदार. हॅरीच्या बायकोची भूमिका केली, मेकअप सांभाळला आणि एक चालतं मढंही झाली.
- कायरा शॉन: हार्डमनची लहान मुलगी. सिनेमातही त्याचीच मुलगी.
- जूडिथ रिडली: हार्डमनच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट. एकदम मोठ्या भूमिकेत.
- बिल हिन्झमन: कॅमेऱ्याच्या कामातला माणूस. सिनेमात दिसणारं सगळ्यात पहिलं मढं हाच.
- जॉर्ज कोसाना: प्रॉडक्शन मॅनेजर आणि पडद्यावरचा शेरिफ.

टीव्हीवर दिसणारा रिपोर्टर म्हणून बिल कार्डिल हा पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा खरा, ओळखीचा चेहरा घेतला. बाकीची मढी? मित्र, ओळखीचे क्लायंट आणि आसपासचे गावकरी.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुख्य भूमिका त्यांनी "आपल्यातलाच कोणीतरी करेल" म्हणून सोडून दिली नाही. त्यासाठी ऑडिशन घेतली आणि सगळ्यात चांगलं काम केलेला ड्वेन जोन्स निवडला. तो कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेत अशा माणसाला नायक म्हणून घेणं सोपं नव्हतं. सिनेमा आजही लोकांच्या लक्षात आहे, त्यात जोन्सचा वाटा फार मोठा आहे.

म्हणजे सूत्र काय? दहा कामं घरातल्यांनी वाटून घ्या, पण ज्या एका कामावर माल विकला जाणार आहे, तिथे बाहेरचा उत्तम माणूस आणा. मिठाईचं दुकान असेल तर गल्ल्यावर भाऊ बसेल, पार्सल बायको बांधेल, पण कारागीर पक्काच हवा.

हाताशी आहे ते वापरा

- घर: इव्हान्स सिटी गावाजवळचं एक शेतघर पाडायचंच होतं. म्हणजे फळ्या ठोका, काचा फोडा, मालक ओरडणार नाही. त्या घराचं तळघर कामाचं नव्हतं, म्हणून तळघराचे सीन आपल्या ऑफिसच्या तळघरात घेतले.
- रक्त: चॉकलेट सिरप. फिल्म काळी-पांढरी असल्यामुळे खपून गेलं.
- मांस: पैसे घालणाऱ्यांत एक मांसविक्रीच्या धंद्यातला होता. आतडी त्याच्याकडून आली.
- संगीत: नवीन करून न घेता तयार लायब्ररीतलं घेतलं.

१९६७ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत शूटिंग चाललं, तेही सलग नाही. जाहिरातीचं काम आलं की शूटिंग थांबवायचं, ते काम करून द्यायचं, पैसे घ्यायचे, परत यायचं. जुना धंदा चालू ठेवूनच नवा उभा केला. नोकरी सोडून उडी मारायच्या तयारीत असलेल्यांनी हे दोनदा वाचा.

आणि मग मालकी निसटली

आता खरा धडा. सिनेमाचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरणासाठी घेतला वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने. त्याआधी १९६४ मध्ये साधारण त्याच नावाचा दुसरा सिनेमा येऊन गेला होता, म्हणून नाव बदललं. नावाची पाटी बदलली. पण कॉपीराइटची ओळ त्या जुन्या पाटीवर होती! नवीन पाटीवर ती टाकायची राहून गेली आणि प्रिंट तशाच थिएटरला गेल्या.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार ही सूचना छापणं सक्तीचं होतं. ओळ नाही, तर हक्क नाही. सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. कोणीही प्रिंट काढा, टीव्हीवर दाखवा, व्हिडिओ कॅसेट विका, बनवणाऱ्यांना एक पैसा द्यायची गरज नाही. सिनेमाने जगभर कोट्यवधी डॉलरचा धंदा केला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली. मान पूर्ण मिळाला, पण कमाईचा मोठा हिस्सा इतरांच्या खिशात गेला. १९९० मध्ये याच लोकांनी सिनेमा रंगीत स्वरूपात नव्याने काढला. या गोष्टीवर आपला काहीतरी हक्क राहावा, हाही त्यामागचा एक हेतू होता.

कॅमेरा बघायला माणूस होता, मेकअपला होता, आतडी आणायलासुद्धा होता. तयार माल बाहेर पडताना त्यावर आपलं नाव आहे का, एवढं एक बघायचं राहिलं.

आपल्याकडे काय करायचं?

घाबरू नका. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी ओळ छापणं सक्तीचं नाही, काम तयार झालं की हक्क निर्माण होतो. पण निसटायच्या जागा आपल्याकडेही आहेत:

१. भागीदारीचा करारनामा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं ठरलेलं नसेल, तर नफा सगळ्यांत समान वाटला जातो. तुम्ही पाच लाख घातले आणि मित्राने पन्नास हजार, तरी समान! स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या.

२. बाहेरून करून घेतलेलं काम. लोगो, जाहिरातीचा मजकूर, जिंगल. पैसे दिले म्हणजे हक्क आलाच असं धरू नका. कॉपीराइट आपल्या नावावर करून घ्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच लागतो.

३. ब्रँडचं नाव. बोर्ड रंगवायच्या आधी ते नाव दुसऱ्या कोणाचं आहे का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधा. आपलं असेल तर नोंदवा. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होतं.

४. बदल झाला की परत तपासा. हा सिनेमा नाव बदलताना फसला. पॅकिंग बदललं, लेबल बदललं, वितरक बदलला की जुन्या लेबलवरची प्रत्येक ओळ नव्यावर आली का, हे एका ठरलेल्या माणसाने बघायचं. "आपण सगळे बघू" म्हटलं की कोणीच बघत नाही.

आज घरी एक कागद घ्या. डावीकडे धंद्यातली सगळी कामं लिहा, उजवीकडे माणसांची नावं. एका नावापुढे चार कामं आली तरी चालेल. पण "कागदपत्रं आणि मालकी" या ओळीपुढची जागा रिकामी राहिली, तर आधी ती भरा आणि मगच माल बाजारात न्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!