कुत्र्यानें भलतेंच कांहीं गिळलें तर?

रहाटणी हें मूळचें शेतकऱ्यांचें गांव. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढत गेले, तसतशीं येथील शेतें मागें हटलीं आणि त्यांच्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्याबरोबर कुत्र्याचें स्थानही पालटलें. अंगणांत साखळीला बांधलेला राखणदार आतां दिवाणखान्यांत निजूं लागला व मुलांच्या हातचें खाऊं लागला. हा पालट आम्हांस इष्टच वाटतो. परंतु त्यानें एक नवी काळजी घरांत आणली आहे. अंगणांतल्या कुत्र्यास मोजे, सुई-दोरा किंवा घड्याळांतली चपटी बॅटरी सहसा सांपडत नसे. दिवाणखान्यांतल्या कुत्र्यापुढें हें सर्व दिवसभर पसरलेलें असतें. आणि कुत्रा प्रत्येक नव्या वस्तूची पारख तोंडानेंच करतो.

असा प्रसंग आला म्हणजे भरल्या घरांत काय होतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. आजीबाई एरंडेलाची बाटली काढतात, काका मीठपाणी पाजावयास सांगतात, कोणी केळें चारा म्हणतें, आणि ज्या मुलाच्या हातून वस्तु गेली, तें मूल बोलणीं बसतील या भयानें कोपऱ्यांत गप्प उभें राहतें. या चारांपैकीं पुष्कळदां अधिक घात करतें तें हें शेवटचें मौन. कारण काय गिळलें, किती गिळलें आणि केव्हां गिळलें, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर सर्व उपाय अवलंबून असतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, त्या वेळीं कोणावरही रागावूं नये. राग उद्यां करतां येईल. गेलेला तास परत येत नाहीं.

मात्र त्याआधीं श्वास पाहावा. कुत्रा घुसमटत असेल, पंजानें तोंड ओरबाडीत असेल, हिरड्या निळसर पडल्या असतील, तर वस्तु घशांत अडकली आहे असें समजावें. तोंड उघडून ती दिसत व चिमटींत येत असेल तरच काढावी. न दिसणारी वस्तु चांचपूं गेल्यास ती आणखी खोल जाते. लहान कुत्र्यास मागच्या पायांनीं उचलून डोकें खालीं करावें. मोठ्या कुत्र्यास मागून कवेंत घेऊन, फांसळ्या संपतात त्याच्या खालीं मूठ ठेवून, वर व पुढें असे जोराचे दाब द्यावे. वस्तु निघाली तरी पशुवैद्याकडे नेणें चुकवूं नये.

श्वास ठीक असेल, तर वस्तूचा विचार करावा. लहान, गोल, गुळगुळीत बटण मोठ्या कुत्र्याच्या पोटांतून दोन-तीन दिवसांत विष्ठेवाटे पुष्कळदां निघून जातें. परंतु आमरसाच्या दिवसांत टोपलींतली कोय आणि पावसाळ्यांत दाणे काढलेलें कणसाचें बुरकुंड यांची गोष्ट निराळी. तीं पचत नाहींत, विरघळत नाहींत, आणि जठरांत कित्येक दिवस स्वस्थ पडून मग एकाएकीं पुढें सरकतात व आंतड्यांत बुचासारखीं बसतात. म्हणून ‘कोय खाऊन आठवडा झाला, आतां काय भय?’ असें म्हणतां येत नाहीं. मोजांचेंही तसेंच. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं २०१४ सालीं तीन वर्षांच्या एका ग्रेट डेन कुत्र्याच्या पोटांतून शस्त्रक्रियेनें ४३ अखंड मोजे व एक अर्धा मोजा निघाला. तो कुत्रा वांचला. पण इतकें दैव सर्वांचें नसतें.

दोरा दिसावयास गरीब, परंतु त्याहून कपटी वस्तु क्वचितच असेल. राखी, सुईसह दोरा, पतंगाचा मांजा, बदललेलें जुनें जानवें, यांचें एक टोंक जिभेखालीं किंवा जठरांत अडकतें व बाकीचा भाग पुढें जातो. मग आंतडें त्या दोऱ्यावर नाडीवरल्या परकरासारखें चुण्या पडून गोळा होतें आणि दोरा त्याला आंतून कापीत जातो. असा दोरा तोंडांतून वा गुदद्वारांतून लोंबतांना दिसला, तरी तो कदापि ओढूं नये.

ज्यांत तासभरही दवडूं नये अशा वस्तू तीन. चपटी बॅटरी अन्ननलिकेंत अडकली, तर तिच्या प्रवाहानें तेथील मांस तासाभरांतही जळूं लागतें. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले गेले, तर आंतड्यांच्या दोन वळ्यांतून ते एकमेकांस ओढतात आणि मधल्या भिंतींस भोंक पाडतात. तिसरी वस्तु जस्त. आमच्या या कारखान्यांच्या मुलखांत जस्ताचा जाड मुलामा दिलेले नट, वायसर पुष्कळ घरांत पडलेले सांपडतात. जठरांतल्या आम्लानें जस्त विरघळून रक्तांत जातें व तांबड्या रक्तपेशी फोडतें. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी लालसर होते. अमेरिकेंत १९८२ पासूनचीं एका सेंटाचीं नाणीं बहुतांशीं जस्ताचीं असल्यामुळें तेथील पशुवैद्य या विषबाधेशीं चांगले परिचित आहेत.

आतां घरगुती उपायांकडे वळूं. मीठपाण्यानें ओकारी होईलच असें नाहीं. मात्र अंगांत गेलेलें मीठ मेंदूस इजा करून प्राणही घेऊं शकतें. टोंकदार वस्तु अगर बॅटरी ओकून बाहेर येतांना अन्ननलिकेस दुसऱ्यांदा जखम करते. एरंडेल किंवा तेल जबरीनें ओतल्यास तें फुप्फुसांत उतरतें. शिवाय आंतडें तुंबलें असतां रेचक देणें म्हणजे बंद दारावर धडका मारण्यासारखें आहे. केळें, भात चारल्यानें भूल देण्याच्या वेळीं जठर भरलेलें राहतें व काम अवघड होतें. तेव्हां पशुवैद्यानें सांगितल्याखेरीज पोटांत कांहींही घालूं नये.

पशुवैद्याकडे जातांना गिळलेल्या वस्तूचा जोड असेल तर तो, नाहींतर उरलेला तुकडा किंवा वेष्टन बरोबर न्यावें. वेळेवर गेल्यास व वस्तु निरुपद्रवी असल्यास ते टोंचून औषध देऊन ओकारी करवितात, किंवा दुर्बिणीच्या नळीनें जठरांतली वस्तु चिरफाड न करतां काढतात. आंतड्यांत उतरल्यावर बहुधा शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. क्ष-किरणांत धातु व हाड स्पष्ट दिसतें, कापड वा प्लास्टिक दिसेलच असें नाहीं. त्यासाठीं सोनोग्राफी करावी लागते. वस्तूचें नांव ठाऊक असणें किती मोलाचें, तें येथें कळतें. ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें, आणि पुण्याहून सातारच्या वाटेवर शिरवळ येथें १९८८ पासून दुसरें चालू आहे.

कोणीच कांहीं पाहिलें नसेल, तर खुणा ओळखाव्या. वारंवार ओकारी, अन्नावरची वासना जाणें, लाळ गळणें, पोटास हात लावूं न देणें, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरून राहणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास वाट पाहूं नये. शौचास झालें म्हणून निश्चिंत होऊं नये. अर्धवट तुंबलेल्या आंतड्यांतूनही थोडें शौच होतें.

राहिला प्रतिबंध. कोयींची टोपली झांकणाची असावी, शिवणाची पेटी बंद असावी, मोजे जमिनीवर नसावे. कुत्र्यानें कांहीं तोंडांत धरलें तर त्याच्यामागें धांवूं नये. हिसकावूं गेल्यास तो घाईनें गिळून मोकळा होतो. त्यापेक्षां आवडता खाऊ पुढें करून ‘सोड’ म्हणावें, आणि हा धडा पिलूपणींच रोज द्यावा. तसाच एक धडा मुलांनाही द्यावा: घरांत खरें सांगितल्यास शिक्षा होत नाहीं. कुत्र्यास आपलें दुखणें बोलून दाखवितां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारें तेंच मूल असतें.