पंप व ठिबक संचासाठी पी.एल.सी.ची निवड

विहिरीवरील पंप आपोआप चालू व्हावा, ठिबक संचाच्या झडपा ठरल्या क्रमाने उघडाव्या व मिटाव्या, आणि रात्रीच्या पाळीची वीज आली असता बॅटरी घेऊन मळ्यात जावे लागू नये, अशी खटपट हल्ली अनेक हौशी तरुण शेतकरी करीत आहेत. रात्री दारे धरताना सर्पदंशाचा व विजेच्या धक्क्याचा धोका ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या खटपटीचे महत्त्व सांगावयास नको. मात्र बाजारात प्रथम दिसेल ते यंत्र आणावे व मग त्यास काम शोधावे, हा क्रम उलटा होय. प्रथम काम कागदावर मांडावे.

प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पी.एल.सी., हा एक लहानसा संगणक आहे. स्विच, फ्लोट इत्यादींकडून येणारे संकेत तो घेतो, आज्ञावलीतील नियमांशी ते ताडून पाहतो व त्याप्रमाणे रिले चालू किंवा बंद करतो. हे चक्र सेकंदात अनेक वेळा अखंड चालू असते. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने शेकडो रिले व त्यांच्या तारांचे जंजाळ टाळणारे साधन हवे असे मागणे केले; त्यातून रिचर्ड मॉर्ले व त्यांचे सहकारी यांचे ‘मोडिकॉन ०८४’ हे यंत्र निघाले. त्याची शिडीसारखी दिसणारी ‘लॅडर’ आज्ञावलीची पद्धत आजही प्रचारात आहे. स्टार्टरच्या जोडणीची आकृती ज्या वायरमनला वाचता येते, त्यास ती समजण्यास फार दिवस लागत नाहीत.

पंप एकच असेल व तो ठराविक वेळ चालवून बंद करावयाचा असेल, तर पी.एल.सी.ची मुळीच गरज नाही. साधा टायमर व पाण्याची पातळी पाहणारा रिले एवढ्याने काम भागते. झडपा अनेक असतील, त्यांचा क्रम राखावयाचा असेल व बिघाडही ओळखावयाचा असेल, तेव्हाच पी.एल.सी.वरील खर्च योग्य ठरतो.

आता ७.५ अश्वशक्तीचा पंप व चार झडपा असे उदाहरण घेऊ. आत येणारे संकेत, म्हणजे इनपुट, असे : हात-ऑटो स्विच, चालू करण्याचे बटण, फेज प्रिव्हेंटर, ओव्हरलोड रिले, विहिरीतील पातळी व पाइपातील दाब, एकूण ६. बाहेर जाणाऱ्या आज्ञा, म्हणजे आउटपुट, अशा : पंप १, झडपा ४ व बिघाडाचा दिवा १, याही ६. बाजारात ८ इनपुट व ४ आउटपुट असलेले लहान कंट्रोलर सर्रास मिळतात. ‘सीमेन्स’चा ‘लोगो’ हा त्यांतलाच. आपल्या कामास तो एकटा पुरत नाही. त्यास जोड-मॉड्यूल घ्यावे लागेल, किंवा अधिक आउटपुटांचे यंत्र घ्यावे लागेल. पुढे एखादी झडप वाढणारच, हे धरून एक-दोन जागा मोकळ्या ठेवाव्या.

आउटपुट रिलेचे की ट्रान्झिस्टरचे, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. ठिबकच्या विजेवरील झडपा पुष्कळदा २४ व्होल्ट ए.सी.वर चालतात, आणि ट्रान्झिस्टर आउटपुट केवळ डी.सी.साठीच असते. अशा झडपांना रिले आउटपुटच पाहिजे. रिलेचे संपर्क झिजतात हे खरे. परंतु एक रिले लाखभर वेळा चालतो असे धरले व दिवसाकाठी तो दहा वेळा चालला, तर सत्तावीस वर्षे होतात. त्याची काळजी शेतकऱ्याने करू नये.

खरी काळजी स्टार्टरच्या जोडणीची करावी. मोटरचा प्रवाह पी.एल.सी.मधून कधीही नेऊ नये, पी.एल.सी.ने केवळ कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावयाची असते. तथापि शेतीपंपाच्या अनेक स्टार्टरमधील कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते, आणि पी.एल.सी.चे रिले बहुधा २५० व्होल्टपर्यंतच योग्य असतात. म्हणून मध्ये २४ व्होल्ट कॉइलचा व ४१५ व्होल्ट पेलणाऱ्या संपर्कांचा लहान कॉन्टॅक्टर बसवावा. ओव्हरलोड, फेज प्रिव्हेंटर व बंद करण्याचे बटण यांच्या तारा थेट स्टार्टरच्या कॉइलच्या मार्गातच असाव्या. आज्ञावली चुकली किंवा रिले चिकटून बसला तरी मोटर थांबलीच पाहिजे. विहिरीत उतरण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप घालावे, कारण स्वयंचलित पंप कोणत्याही क्षणी चालू होऊ शकतो.

वीज गेल्यावर यंत्रास काय आठवते, हा प्रश्न दुकानात फारच थोडे लोक विचारतात. चार तुकड्यांना दोन-दोन तास पाणी द्यावयाचे आहे व तिसऱ्या तासात वीज गेली असे समजा. वीज परत आल्यावर यंत्राने पुन्हा पहिल्या तुकड्यापासून आरंभ केला, तर पहिल्यास दुप्पट पाणी मिळेल व चौथा कोरडा राहील. असे आठवडाभर झाले की चौथ्या तुकड्यातील पीक माना टाकील. म्हणून वीज गेली तरी झालेली मिनिटे जपून ठेवणारे टायमर, व घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी किंवा तत्सम सोय यंत्रात आहे की नाही, हे पाहावे.

वीज येताच पंप लगेच चालू करणेही इष्ट नाही. ऑटो स्विच लावलेले सर्व पंप एकाच क्षणी चालू झाले, तर डी.पी.वर एकदम भार येतो व ती जळाल्यास सर्व शिवाराचे पाणी थांबते. पी.एल.सी.मध्ये काही मिनिटांचा विलंब घालणे अगदी सोपे आहे. एका डी.पी.वरील शेतकऱ्यांनी आपापले विलंब निरनिराळे ठरवून घ्यावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यात पुढाकार घेतल्यास उत्तम. झडपा बदलतानाही पुढची उघडल्यावरच मागची मिटावी, अन्यथा पाइपावर दाबाचा तडाखा बसतो.

स्वस्तात मिळणारे जुने पी.एल.सी. घेण्यास हरकत नाही. परंतु त्याची केबल मिळते का, आज्ञावली लिहिण्याचे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालते का, आणि आतील आज्ञावलीस पासवर्ड तर लावलेला नाही ना, हे दुकानातच तपासावे. नव्या यंत्राच्या बाबतीतही सॉफ्टवेअर फुकट आहे की विकतचे, ते किमतीत धरावे. आर्डुइनोसारखे बोर्ड शिकण्यास फार चांगले. परंतु २४ व्होल्टचा संकेत त्यांना थेट देता येत नाही, आणि पंपघरातील दमट हवेत ते उघडे ठेवणे धोक्याचे आहे.

पी.एल.सी.स देखील धूळ व पाणी सोसत नाही. तो घट्ट झाकणाच्या पेटीत, सावलीत बसवावा. बहुतेक यंत्रे ५५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनविलेली असतात, व विदर्भातील मे महिन्याच्या उन्हातील पत्र्याची पेटी ती मर्यादा सहज ओलांडते. तारांची छिद्रे बुजवावी, नाही तर मुंग्या व पाली आत बिऱ्हाड करतात. मोटर जोडण्यापूर्वी आउटपुटांवर दिवे लावून दोन दिवस सर्व क्रम चालवून पाहावा, मध्येच मुद्दाम वीज घालवून पाहावी, आणि जोडणीची आकृती पेटीच्या दारास आतून चिकटवून ठेवावी.