स्टेरॉइडचा पेशीतील पत्ता

दम्याच्या पंपातील स्टेरॉइड श्वासनलिकेचा दाह शमवते, परंतु सिगारेटच्या धुराने झालेल्या सीओपीडीत, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या दीर्घ विकारात, तेच औषध बरेचसे निष्प्रभ का ठरते, या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या केंद्रकात शोधावे लागते.

औषध आधी आले, उलगडा नंतर झाला. मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला, एडवर्ड केंडल यांनी शोधलेले कॉर्टिसोन हे स्टेरॉइड संप्रेरक टोचले, आणि आठवड्याभरात ती बाजारहाटाला बाहेर पडली. या कार्यासाठी दोघांना, टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह, १९५० चे नोबेल मिळाले. मात्र हे द्रव्य पेशीत नेमके कोणाला भेटते, ते स्पष्ट व्हायला १९८५ उजाडले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचे, म्हणजे या संप्रेरकाला पकडणाऱ्या ७७७ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे, जनुक हाती आणले. माणसात अशा ४८ केंद्रकीय ग्राहींचे घराणे आहे.

स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, ग्राहीला चिकटतो आणि त्यासह केंद्रकात जातो. तेथे डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. दाह पेटवणारी जनुके चालू असताना तो सैल पडतो. ग्राही एचडॅक-२ या विकराला बोलावून तो पुन्हा घट्ट करवतो, आणि ती जनुके मुकी होतात. म्हणजे खरे काम या साथीदाराचे, आणि बिघाडही तेथेच होतो: २००५ मध्ये लंडनच्या पीटर बार्न्स यांच्या गटाने सीओपीडीच्या फुफ्फुसांत एचडॅक-२ चे प्रमाण आणि कार्य घटल्याचे दाखवले. धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्ये त्याला निकामी करतात. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अधिक असतात, त्या सीओपीडी रुग्णांना मात्र पंपातील स्टेरॉइडचा लाभ होतो, हे विसरता कामा नये.

थिओफिलीन हे जुने, स्वस्त औषध अल्प मात्रेत एचडॅक-२ ला पुन्हा जागवते, असे प्रयोगशाळेत दिसले, तेव्हा गरीब देशांतील रुग्णांसाठीही आशा वाटणे साहजिक होते. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, पंपातील स्टेरॉइडला त्याची जोड देऊनही आजाराचे झटके कमी झाले नाहीत.