सूप तब्येतीला, गोष्ट कानाला

इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या चौक परिसरात पाऊस लागला की संध्याकाळी काहीतरी गरम प्यावेसे वाटते. सूपचे पाकीट फोडले की पाच मिनिटांत काम होते. पण त्यात मीठ किती घालायचे, हे मात्र आपल्या हातात राहत नाही. घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचे, पापड सगळे आले.

घरचे सूप आपल्याला परके नाही. मुगाचे कढण, टोमॅटोचे सार ही त्याचीच भावंडे. चार जणांसाठी पाव किलो लाल भोपळा, एक टोमॅटो, दोन मोठे चमचे मूगडाळ, चार-पाच लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा कुकरमध्ये शिजवावा. निवल्यावरच मिक्सरमध्ये फिरवावे, नाहीतर वाफेने झाकण उडते. मग पाणी घालून उकळावे आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे.

डाळीमुळे दाटपणा येतो, प्रथिनेही मिळतात. कॉर्नफ्लोअरची गरज उरत नाही. सूप गाळू नये, कारण चोथ्यातच तंतुमय घटक असतात. वरून चमचाभर तूप घालावे. भोपळ्यातले बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत चांगले शोषले जाते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळावे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि आंबटपणामुळे कमी मीठही खपून जाते.

कोणासाठी काय बदलावे?

मधुमेह असेल तर निम्म्या भोपळ्याऐवजी दुधी घ्यावा. दुधी चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून संपूर्ण दुधी टाकून द्यावा. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी घटकाचा असतो आणि तो शिजवूनही जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना भाज्यांमधले पोटॅशियम आणि सूपमधले पाणी, दोन्ही मोजावे लागते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

कर्जत-खालापूर भागात पावसाळ्यात ठाकूर, कातकरी बायका रानभाज्या विकायला आणतात. पण प्रत्येक रानभाजी सूपमध्ये चालत नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने घसा खाजतो. म्हणूनच शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालण्याची रीत आहे. शेवग्याची कोवळी पाने मात्र सूपमध्ये खुशाल घालावीत.

चिरता चिरता गोष्ट

घरच्या सूपची खरी अडचण असते ती चिरण्या-शिजवण्याचा कंटाळा, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना. हा अर्धा-पाऊण तास ऑडिओबुकने हलका होतो. ‘स्टोरीटेल’ हे ॲप 2017 मध्ये भारतात आले आणि त्यावर मराठी पुस्तकेही ऐकता येऊ लागली. त्यातही अद्भुतकथा कानाने ऐकण्याची सवय आपल्याला जुनीच. राक्षस, जादूचे गालिचे, बोलणारे पक्षी आजीच्या तोंडून आधी भेटतात, पुस्तकात नंतर. चित्र समोर नसल्याने ते ज्याचे त्याने मनात उभे करायचे असते.

ऐकणे म्हणजे वाचनाची नक्कल, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी 2019 मध्ये नऊ जणांच्या मेंदूची प्रतिमाने तपासली. गोष्ट वाचताना आणि तीच ऐकताना शब्दांच्या अर्थाशी निगडित मेंदूची हालचाल जवळपास सारखी आढळली. अर्थात, ही पाहणी छोटी होती.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. इअरफोनऐवजी मोबाइलचा स्पीकर लावावा, म्हणजे कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल ऐकू येते. दुसरे, सूप वाटीत वाढले की गोष्ट थांबवावी. लक्ष दुसरीकडे असले की माणूस नकळत जास्त खातो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. राजपुत्र गुहेच्या तोंडाशी पोहोचला असला तरी चालेल. पुढचा भाग उद्याच्या भाजी चिरण्याला उपयोगी पडेल.