शूर्पारकाची चतुःशाला

नालासोपारा स्थानकातून दररोज असंख्य प्रवासी ये-जा करतात. याच गावी सुमारे १९०० वर्षांपूर्वी प्रवाशांसाठी निवासगृह उभारले गेले होते. त्याचा लेखी पुरावा मात्र गावात नसून नाशिकच्या पांडवलेणीत, १० क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे चतुःशाला व प्रतिश्रय दिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. शोर्पारग म्हणजेच सोपारा. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया बांधल्या. आजच्या परिभाषेत ही संपूर्ण दळणवळण योजनाच म्हणावी लागेल!

चतुःशाला म्हणजे मधल्या अंगणाभोवती चार बाजूंनी बांधलेल्या शाला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिचे प्रकार दिले असून चारही दिशांना द्वारे असणाऱ्या वास्तूस 'सर्वतोभद्र' म्हटले आहे. बाहेरच्या बाजूस भिंत आणि आत मोकळे अंगण, या मांडणीमुळे परक्या गावात उतरलेल्या पांथस्थास व त्याच्या मालास संरक्षण मिळे; उजेड-वारा अंगणातून येई. आपला चौसोपी वाडा याच कुळातील होय. दूरच्या इंग्लंडमध्येही गरज तीच, म्हणून उत्तरही तेच सापडले. लंडनच्या साउथवर्क भागातील 'जॉर्ज' हे १६७७ मध्ये पुन्हा बांधलेले पथिकगृह अंगणाभोवतीच्या लाकडी सज्जांसाठी प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या कामासाठी त्याच्या इतर बाजू पाडल्या गेल्या. आज एकच बाजू उभी आहे, व ती जतन केली जाते.

सोपाऱ्याची चतुःशाला मात्र नामशेष झाली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटात उत्खनन केले, तेव्हा विटांच्या स्तूपातून धातुकरंडक हाती आले. पूजेची वास्तू अशी मातीखाली तरी टिकते. मुक्कामाची वास्तू वापरून झिजते आणि तिचे साहित्य दुसऱ्या घराला लागते. उषवदाताची नावे दगडावर कोरली गेली म्हणूनच आपणास एवढे तरी कळते.

आपल्या गावांतील जुन्या धर्मशाळांवर असा लेख क्वचितच असतो. छप्पर कोसळले की जागा मोकळी करण्याचा ठराव होतो. तत्पूर्वी ग्रामपंचायतीने शिक्षकांच्या साहाय्याने अंगणाची व सोप्यांची मापे घ्यावीत, खांबांची संख्या व दारांच्या दिशा टिपून नकाशा दप्तरी ठेवावा. या कामास एक दिवस आणि एक मोजपट्टी पुरते.